धागा: नदीत शिंपल्यांचे पिंजरे – कुठं, कसे, किती दिवस? (वर्धा-वैनगंगा-पैनगंगा खोरं)

वैनगंगाकाठ

‘नाल्याचं पाणी रात्री सोडतात’ या जुन्या धाग्यावर गाडी शेवटी एकाच ठिकाणी अडली होती. नाल्यातून नदीत सांडपाणी सुटतं रात्री दोनला, तपासणीची बाटली भरली जाते सकाळी अकराला आणि अहवाल येतो ‘सर्व घटक मर्यादेत’. तिथं नदीत पिंजऱ्यात शिंपले ठेवून प्रदूषण पकडायचा विषय निघाला, म्हणून हा वेगळा धागा.

कल्पना जुनी आहे. समुद्रकाठच्या शिंपल्यांवरून प्रदूषणावर पाळत ठेवावी, असं एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली मांडलं. १९८६ पासून अमेरिकेत तो सरकारी कार्यक्रम झाला. गोड्या पाण्यातही तत्त्व तेच. शिंपला एका जागी बसून पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो, सोडून देतो. मोठा शिंपला चांगल्या तापमानाला दिवसाकाठी चाळीसेक लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो. पाण्यात लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागणारं कॅडमियम किंवा शिसं त्याच्या गरात किलोमागे मिलिग्रॅमवर येऊन बसतं. बाटली त्या मिनिटाचं सांगते, शिंपला महिन्याचं.

कोणता घ्यायचा: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. मामा (माजी मालगुजारी) तलावात, कालव्यात, संथ डोहात सापडणारा लांबट, काळपट, पातळ कवचाचा शिंपला. नदीच्या रेतीत जाड कवचाची, पाठीवर सुरकुत्या असलेली छोटी शिंपी मिळते ती पॅरेसिया. तिच्यात गर फार थोडा निघतो, प्रयोगशाळेला पुरत नाही. दोन जाती एका पिंजऱ्यात कधीच मिसळू नका.

किती: तीन ठिकाणं (नाला मिळण्याच्या वर, मिळाल्यावर खाली, आणि त्याच्याही खाली दोन-तीन किलोमीटर), प्रत्येक ठिकाणी तीन पिंजरे, पिंजऱ्यात १५ शिंपले. झाले १३५. शिवाय १५ ‘पहिल्या दिवसाचे’ (नदीत न ठेवता सुरुवातीलाच तपासायचे) आणि १५ जादा. लांबी ६० ते ७५ मिमी. व्हर्नियरनं मोजा आणि एका खेपेत सगळे १० मिमीच्या फरकात बसवा. लहान-मोठे मिसळले की चरबीही वेगळी, धातूही वेगळे, मग आकड्यांचा अर्थ लागत नाही.

पिंजरा: भाजीची प्लास्टिक क्रेट, तळाला १० सेंमी धुतलेली रेती, वर १५ ते २० मिमी भोकांची प्लास्टिक जाळी केबल टायनं घट्ट. लोखंडी जाळी नको, गॅल्व्हनाइज्ड तर मुळीच नको, कारण जस्त तिथूनच येतं. क्रेट दोन विटांवर ठेवायची म्हणजे गाळात रुतत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात २५ किलो रेती भरून नांगर. दोरी नायलॉनची, १० मिमी. पिंजऱ्यावर कायम किमान ६० सेंमी पाणी हवं आणि धार हळू हवी. पाण्यावर सोडलेलं पान दहा सेकंदांत एक ते तीन मीटर गेलं तर ठीक.

मुदत २८ दिवस. सातव्या, चौदाव्या आणि शेवटच्या दिवशी बघायचं. मेलेला शिंपला लगेच काढा. एक सडला की त्याच्या अमोनियानं शेजारचे जातात, आणि दोष नाल्यावर येतो.

झाडीपट्टी_जी

चांगला धागा जी. शिंपले गोळा करण्याबद्दल थोडं.

आमच्याकडं याला शिंपीच म्हणतात. कोकणातल्या ‘तिसऱ्या’ (खाण्याचे शिंपले) मनात ठेवून कोणी विचारलं तर ढिवर (मासेमार) दादा ओळखणार नाही. काठावरून हातानं चाचपण्यापेक्षा मांडीभर पाण्यात अनवाणी चालणं सोपं. गाळात उभी रुतलेली शिंपी तळपायाला धारेसारखी लागते, तिथंच बसून हात घालायचा. तलावाच्या पाळीच्या बाजूचा, मऊ गाळ आणि रेती मिसळलेला पट्टा बघा. निव्वळ काळ्या चिखलात, जिथं पाय काढला की सडक्या अंड्याचा वास येतो, तिथं सापडतात त्या बहुतेक खोक्या.

जिवंत की मेलेली: जिवंत शिंपी बाहेर काढली की घट्ट मिटते. अर्धवट उघडी असेल तर कडेला बोट लावा, मिटली नाही तर टाका. दोन शिंप्या एकमेकींवर वाजवून बघा. भरलेलीचा आवाज बद्द येतो, रिकामीचा खणखणीत. मिटलेली पण फार जड लागली तर आत गाळ भरलेला असतो.

एका जागेवरून सगळ्या काढू नका. शिंपीचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून वाढतं, मग तळाला पडतं. त्यामुळं उपसलेला तलाव पुन्हा भरायला वर्षं लागतात. १६५ लागत असतील तर चार ठिकाणांहून घ्या.

आणि परवानगी. तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असतो, तिला आधी सांगा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या ठरावाची प्रत ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतल्या तलावातून लेखी परवानगीशिवाय एकही काढायची नाही.

कापूसकोंडा

म्हणजे शिंप्या भंडाऱ्याच्या तलावातून काढाच्या अन् नेऊन ठेवाच्या वणीकडं वर्धा नदीत? दीडशे-दोनशे किलोमीटर हाये बाप्पा. बादलीत पाणी घालून नेल्या त जगतील का?

वैनगंगाकाठ

@कापूसकोंडा भाऊ, बादलीतच मरतात. झाकण लावलेल्या बादलीतला प्राणवायू तासाभरात संपतो. पाण्याविनाच न्यायच्या. थर्मोकोलच्या पेटीत ओलं गोणपाट, त्यावर शिंप्यांचा एक थर, वर पुन्हा गोणपाट. बर्फ घालायचाच तर पाण्याची बाटली गोठवून, कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात. बर्फाचा थेट स्पर्श नको. अशा पाच-सहा तास सहज टिकतात.

पोचल्यावर एकदम नदीत टाकू नका. टबात तलावाचं पाणी, त्यात दर दहा मिनिटांनी नदीचं पाणी तांब्यातांब्यानं, तासभर. तापमानाचा फरक तीन अंशांच्या आत आला की सोडा. नळाचं पाणी वापरलं तर क्लोरीन मारेल.

पण तुमचा प्रश्न दुसऱ्या कारणानं योग्य आहे. दुसऱ्या खोऱ्यातला जीव आणून सोडणं बरं नव्हे. शक्यतो त्याच नदीच्या खोऱ्यातला, वरच्या अंगाचा स्वच्छ तलाव शोधा. आणि काम संपल्यावर उरलेल्या शिंप्या नदीत सोडून देऊ नका. परत त्याच तलावात न्या किंवा गर तपासणीला द्या.

गाळ_आणि_गणित

तीन ठिकाणं निवडताना हमखास होणाऱ्या चुका सांगतो, कारण पुढं प्रयोगशाळेत कितीही पैसे ओतले तरी त्या दुरुस्त होत नाहीत.

पहिली, मिसळणं. नाला नदीला मिळाला की पाणी लगेच मिसळत नाही. नदी रुंद आणि उथळ असेल तर घाणीचा पट्टा एकाच काठाला चिकटून दूरवर जातो. पिंजरा समोरच्या काठाला ठेवला तर नाल्याला निर्दोषत्वाचा दाखला मिळतो. उपाय सोपा आहे. विद्युतवाहकतेचं (पाण्यात क्षार किती ते दाखवणारं) खिशातलं मीटर घ्या आणि पात्राच्या आडव्या रेषेत दर दोन मीटरला मोजत जा. डाव्या-उजव्या काठात दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक राहिला की पाणी मिसळलं असं धरा. ‘मिसळल्यानंतरचं ठिकाण’ ते. ‘नाल्याची धार’ पकडायची असेल तर मुद्दाम त्या पट्ट्यातच ठेवा, पण तसं वहीत लिहा.

दुसरी चूक मोठी. वरचा पिंजरा खळाळत्या पाण्यात आणि खालचा कोल्हापुरी बंधाऱ्याच्या तुंबलेल्या फुगवट्यात. दोन्हीकडचं खाणं वेगळं, तापमान वेगळं, रात्रीचा प्राणवायू वेगळा. फरक आला तरी तो नाल्याचा की बंधाऱ्याचा, कोणीच सांगू शकणार नाही. खोली, सावली, धार आणि तळ, शक्य तेवढं सारखं ठेवा. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी टाकणार ते शाखा अभियंत्याला आधीच विचारा. पिंजरे ठेवले आणि दहाव्या दिवशी बरगे पडले की खेप वाया.

तिसरी, वेळ. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर नदीत काहीही ठेवू नका, पिंजऱ्यासकट नांगर जातो. मोठ्या धरणाखाली असाल तर विसर्गाचं वेळापत्रक बघा. सगळ्यात बरा काळ ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरकडं उथळ डोहाचं पाणीच इतकं तापतं की शिंपला उष्णतेनं मेला की रसायनानं हे कळत नाही. तरी उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे पाचला प्राणवायू मोजा, दुपारी नाही. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हा सगळं छान दिसतं.

पूर्णामाय

बरग्यांचा मुद्दा बरोबर. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट बघा. तिथल्या ओढ्यांची विद्युतवाहकता उन्हाळ्यात आपोआप चढते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला क्षार, विशेषतः पोटॅशियम, सोसत नाही. वरच्या ठिकाणी मीटर नाल्याइतकंच दाखवत असेल तर तो भाग या कामाला वगळा किंवा फक्त पावसानंतरच्या दोन महिन्यांत करा.

काचपात्र

आता गर. प्रयोगशाळेत शिंपल्याचे नमुने येतात तेव्हा निम्मे काठावरच बिघडलेले असतात, म्हणून क्रमानं लिहिते.

पिंजरा उचलला की शिंपले स्वच्छ पाण्यात ४८ तास ठेवा, हवा सोडून, खायला न देता, दर १२ तासांनी पाणी बदलून. पोटात चिखल असतो आणि त्या चिखलात लोह, अॅल्युमिनियम, शिसं असतं. ही पायरी गाळली तर तुम्ही शिंपला नाही, गाळ तपासता. टबाच्या तळाशी शिंपल्यांना जाळीवर उचलून ठेवा, नाहीतर सोडलेला मळ पुन्हा ओढतात.

उघडायला स्टीलचा सुरा नको, त्यातून क्रोमियम आणि निकेल येतं. सिरॅमिकची सुरी किंवा कडक प्लास्टिकची पट्टी घ्या. मिटलेल्या शिंपल्याला मागच्या बाजूनं फट शोधून आत घाला आणि दोन्ही टोकांचे स्नायू कापा, म्हणजे तो स्वतःच उघडतो. गर चाळणीत पाच मिनिटं निथळवून आधी ओला तोला. मग ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, साधारण ४८ तास. १०५ अंशांवर घाई केली तर पारा उडतो.

ओल्या गरात पाणीच ८० ते ९० टक्के. म्हणून एका शिंपल्याचा कोरडा गर हाताच्या चिमटीत मावेल एवढा. एका पिंजऱ्यातल्या पाचांची एकत्र पूड करा, अर्धा ग्रॅम नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, मग आयसीपी-एमएस (धातू मोजायचं यंत्र). पैसे कमी असतील तर पिंजऱ्यामागे एक मिश्रण, म्हणजे ठिकाणामागे तीन, अधिक पहिल्या दिवसाच्या १५ शिंपल्यांची तीन. एकूण बारा नमुने. पहिल्या दिवसाचे नमुने लोक विसरतात. शिंपल्यांनी तलावातूनच किती धातू आणला होता हे माहीत नसेल तर नदीनं किती दिला हे कसं काढणार?

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता धातूंसाठी आणि जैविक ऊतींसाठी आहे का विचारा. पाण्यासाठी असलेली मान्यता इथं उपयोगाची नाही. अहवालासोबत प्रमाणित शिंपला-पूड (जिच्यातले धातू आधीच माहीत आहेत) तपासून आलेला आकडा मागा. तो मूळ मूल्याच्या ८० ते १२० टक्क्यांत नसेल तर बाकीचे आकडे वाचू नका.

वाचताना तीन खड्डे.

कोरडं आणि ओलं. समजा कोरड्या वजनावर कॅडमियम किलोमागे २.४ मिलिग्रॅम आलं आणि गरात पाणी ८४ टक्के होतं. ओल्या वजनावर ते झालं २.४ गुणिले ०.१६, म्हणजे ०.३८. युरोपात खाण्याच्या शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति किलो आहे, पण ती ओल्या वजनावर. ‘मर्यादेच्या अडीचपट’ अशी बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी समोरचा वकील ती फाडतो.

आटलेला शिंपला. उपाशी राहिला की गर घटतो, धातू तेवढाच राहतो, आकडा वाढतो. एक ग्रॅम कोरड्या गरात २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असलेला शिंपला ०.७ ग्रॅमवर आला तर किलोमागचा आकडा २ वरून २.८६ होतो, एक कणही नवा न येता. म्हणून प्रत्येक वेळी ‘प्रति किलो’सोबत ‘प्रति शिंपला’ही लिहा. दोन्ही वाढले तरच नदीचं नाव घ्या.

मँगनीज. या कुळातले शिंपले कल्ल्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण साठवतात आणि मँगनीज त्यांत जाऊन बसतं. किलोमागे हजारांत आलं तरी ते निसर्गाचं असतं. जस्त आणि तांबं शरीराला लागतात, त्यांचं प्रमाण शिंपला बराच काळ स्वतः सांभाळतो, म्हणून तेही उशिरा बोलतात. नाल्याचं खरं सांगतात ते कॅडमियम आणि शिसं.

कापूसकोंडा

वाचून डोकं गरगरलं पण जतन करून ठेवलं ताई. एक सांगा, शिंपीवर नंबर कसा टाकाचा? नेलपॉलिश लावलं त चार दिवसात निघते.

काचपात्र

@कापूसकोंडा नेलपॉलिश नकोच, त्यात रंगद्रव्यं असतात. दातघासणीनं कवच घासून कोरडं करा, छापील आकड्याची छोटी प्लास्टिकची चकती सायनोअॅक्रिलेट गोंदानं चिकटवा आणि दोन मिनिटं हवेत धरा. तेही नसेल तर बारीक कानसीनं कवचाच्या वरच्या बाजूला खाचा. डावीकडं दशक, उजवीकडं एकक. कडेला कानस लावू नका, तिथं नवं कवच वाढतं.

सोल्डरवाला

तुम्ही सगळे महिन्याभरानं कळेल अशी पद्धत सांगताय. मूळ तक्रार रात्री दोनची होती ना?

शिंपल्याला पाणी आवडलं नाही की तो मिटतो. वॉर्सात ग्रुबा काश्का या पाणी उपशाच्या केंद्रावर याच तत्त्वावर आठ शिंपले बसवलेले आहेत. कवचाला चुंबक, समोर संवेदक, आणि अनेक शिंपले एकदम मिटले की इशारा. साधारण तीन महिन्यांनी ते शिंपले परत पाण्यात सोडून नवे बसवतात. आपल्याकडं त्याची साधी आवृत्ती सुट्या भागांतून जमते.

भाग: एसएस४९ई हॉल संवेदक (चुंबक किती जवळ ते ओळखणारे) ८, निओडिमियम चुंबक ५ मिमी गुणिले २ मिमी ८, एडीएस१११५ चे २ पट्टे (संवेदकाचं वाचन आकड्यात बदलणारे एडीसी, प्रत्येकी चार वाहिन्या), ईएसपी३२ (छोटा संगणक-पट्टा), एसडी कार्डचा पट्टा, घड्याळाचा डीएस३२३१, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास बॅटरी, २० वॅटचं सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर.

शिंपला बसवणं: कवच कोरडं करून सॅंडपेपरनं खरबरीत करा. एक झडप (कवचाचा एक अर्धा भाग) दोन भागांच्या इपॉक्सीनं अॅक्रिलिकच्या पट्टीवर पक्की. दुसऱ्या झडपेवर मागच्या टोकाजवळ चुंबक, कारण तिथंच उघडझाप जास्त. संवेदक पट्टीवर, चुंबकासमोर, मिटलेल्या स्थितीत ५ मिमीच्या आसपास अंतर. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी घ्या, शिंपला १५ मिनिटांपेक्षा जास्त बाहेर नको. चुंबकावरही इपॉक्सीचा थर हवाच, नाहीतर निकेलचा मुलामा उडून तो गंजतो आणि आठवड्यात वाचन घसरायला लागतं. दोन शिंपल्यांत १० सेंमी अंतर ठेवा, नाहीतर शेजाऱ्याचं चुंबक वाचलं जातं.

वीज: सगळं ३.३ व्होल्टवर चालवा. एसएस४९ई त्यावर चालतो आणि ईएसपी३२ च्या पायांवर ५ व्होल्ट जाण्याचा धोका राहत नाही. पण या संवेदकाचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात हलतं. म्हणून संवेदकांना स्वतंत्र, स्थिर रेग्युलेटर द्या. मोबाइल मॉड्यूल त्याच रेषेवर टाकलंत तर प्रत्येक एसएमएसला आठही शिंपले ‘मिटलेले’ दिसतील. हिशेब: संवेदक प्रत्येकी साधारण ६ मिलिअँपिअर, आठांचे ४८. वायफाय बंद ठेवलेला ईएसपी३२ धरून सगळं मिळून अर्ध्या वॅटच्या आसपास. दिवसाला १२ वॅट-तास. बॅटरीचा अर्धाच साठा वापरायचा म्हटलं तरी ढगाळ तीन दिवस निघतात.

तार: एडीएस१११५ आणि ईएसपी३२ मधली तार अर्धा-एक मीटरच्या आत ठेवा. दहा मीटर आय-टू-सी तार ओढली की ते मध्येच गोठतं. संवेदकापासूनची लांब तार चालते, पण जाळीदार आवरणाची घ्या. ईएसपी३२ चं स्वतःचं एडीसी वापरू नका, त्याचं वाचन सरळ रेषेत नसतं.

वाचन: सेकंदाला एक पुरे. पहिले सात दिवस फक्त नोंद, इशारा बंद. प्रत्येक शिंपल्याचं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वाचन काढून ते ० (पूर्ण मिटलेला) ते १०० (पूर्ण उघडा) टक्क्यांवर आणा, कारण चुंबकाचं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. मग नियम: आठांपैकी सहा जण दहा मिनिटांच्या आत २० टक्क्यांखाली आले आणि पंधरा मिनिटं तिथंच राहिले तर इशारा. एकटादुकटा मिटला तर दुर्लक्ष. म्हशी पाण्यात उतरल्या, डोंगा वरून गेला, सावली पडली, तर सगळे एकदम मिटतात, पण दोन-चार मिनिटांत परत उघडतात. पंधरा मिनिटांची अट त्यासाठीच.

इशारा आला की १२ व्होल्टचा पेरिस्टॅल्टिक पंप दोन लिटर पाणी धुतलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतो. रात्री दोनचं पाणी दुपारपर्यंत थांबतं. पंपाशिवाय हा सगळा खेळ ‘काहीतरी झालं’ एवढंच सांगतो.

गाळ_आणि_गणित

पंप आवडला. दोन सूचना. एक, गढूळपणाचा संवेदक सोबत लावा. वर कुठं रेती उपसली तरी गढूळ लोंढा येतो आणि शिंपले मिटतात. तो प्रदूषणाचा इशारा नाही, पण रेतीघाटावर ट्रॅक्टर कधी लागले ते मात्र कळेल! दोन, रात्रीचा प्राणवायू. पहाटे प्राणवायू एकदम खाली गेला की शिंपले वेगळेच वागतात. त्यामुळं रोज पहाटे चार ते सहा इशारा येत असेल तर आधी सांडपाणी आणि शेवाळ तपासा, कारखाना नंतर.

काचपात्र

कॅनमधल्या पाण्याबद्दल महत्त्वाचं. एकाच डब्यातून सगळ्या तपासण्या होत नाहीत. धातूंसाठी अर्धा लिटर वेगळं काढून नायट्रिक आम्लानं पीएच २ च्या खाली आणा. अमोनियासाठी वेगळ्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल आणि थंडावा. कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेची बाटली, आम्ल नको, ४ अंश. प्लास्टिकचा कॅन काही कीटकनाशकं भिंतीला चिकटवून घेतो, त्यामुळं त्यांच्यासाठी हा पंप विश्वासाचा नाही. प्राणवायूचं तर नावच काढू नका, तो जागेवरच मोजायचा.

पूर्णामाय

कीटकनाशकांवरून एक स्पष्ट करायला हवं, नाहीतर कापूसपट्ट्यात गैरसमज पसरेल. शिंपला जिवंत आहे, उघडा आहे, म्हणजे फवारणीचं विष नदीत नाही, असं अजिबात नाही. इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइड गटाला शिंपले बऱ्यापैकी सोसतात. तेवढ्याच प्रमाणात पाण्यातल्या किड्यांची पिल्लं आणि झिंगे आधी जातात. ऑगस्ट-ऑक्टोबरच्या फवारणीत नाल्यावर लक्ष ठेवायचं असेल तर शिंपल्यासोबत दगडाखालचे किडे मोजा. दहा दगड उलटा, प्रत्येकाखालचे वहीत. नाला मिळण्याच्या वर दगडाखाली वळवळ आहे आणि खाली नाही, हे कुठल्याही संवेदकाआधी दिसतं.

उलट अमोनियाला शिंपला फार हळवा, त्याची पिल्लं तर जास्तच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१३ साली अमोनियाच्या मर्यादा खाली आणल्या त्या मुख्यतः या शिंपल्यांमुळं. पीएच ७ आणि २० अंशांना थोड्या काळासाठी १७, दीर्घकाळासाठी १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर एकूण अमोनिया-नायट्रोजन. आपल्याकडं मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गाच्या पाण्यात मुक्त अमोनियाची (एकूणातला जास्त विषारी भाग) मर्यादा १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. एक एकूण, एक मुक्त, तुलना करताना गल्लत होते. ३० अंशांना पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त भाग अडीच टक्के, पीएच ८.५ ला तोच वीस टक्के. म्हणजे शेवाळानं दुपारी पीएच वाढवला की तेच सांडपाणी आठपट जहाल. शहराच्या नाल्याखाली जुना शिंपला टिकलेला दिसतो पण बारकी पोरं एकही सापडत नाहीत, तिथं संशय आधी अमोनियावर घ्या. आणि मासे उरलेत का तेही बघा, कारण माशांशिवाय त्यांची पिल्लं वाढतच नाहीत.

पंचनामा

इथवर सगळं बरोबर, पण हे कागद घेऊन कोर्टात उभे राहू नका. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणं सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं, नोटीस देऊन, दोन भागांत विभागून, सील करून घेतला तरच त्याचा अहवाल पुरावा म्हणून चालतो. गावानं भरलेला कॅन तसा पुरावा नाही.

शिंपल्याचं काम वेगळं आहे. महिन्याभराच्या नोंदीवरून ‘दर मंगळवार-शुक्रवार रात्री एक ते तीन’ असा पॅटर्न काढा आणि त्या वेळेला नमुना घ्यायची लेखी मागणी करा. अर्जात तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, किती शिंपले किती वेळ मिटले, आणि वरच्या ठिकाणची त्याच वेळची नोंद. वरचे आठ उघडे आणि खालचे आठ मिटलेले, हा एक आलेख दहा पानांच्या तक्रारीपेक्षा लवकर वाचला जातो. त्यासाठी सोल्डरवाल्यांचा संच एक नाही, दोन लागतील. पोच घ्यायला विसरू नका.

आणि अर्जात कोणत्याही कारखान्याचं नाव लिहू नका. शिंपला नाव सांगत नाही. ‘अमुक नाला’ लिहा.

झाडीपट्टी_जी

चोरी अन् जनावरं यावर कोणी बोललंच नाही जी. पाण्यावर तरंगतं डबडं बांधलं की रात्रीत पिंजरा गायब. दोरी पाण्याखालून काठापर्यंत आणा, झाडाच्या मुळाला बांधा, वर पालापाचोळा. त्या डोहात जाळं टाकणाऱ्या दोन ढिवर दादांना पिंजरा कुठं हाय ते दाखवून द्या, त्यांच्यापासून लपवला की हमखास जाळ्यात अडकतो. सौर पॅनेल नदीकाठी उघड्यावर ठेवू नका, घाटावरच्या देवळाच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या छपरावर चालते.

जाळी ढिली राहिली तर खेकडे शिरतात. उथळ पाण्यात मुग्धबलाक चोच घालतात. त्यांची चोच शिंपी आणि गोगलगाय उघडायलाच बनलेली आहे. पाणमांजर असलेल्या नदीत केबल टाय पुरत नाहीत, जाडी नायलॉन दोरी शिवा.

कापूसकोंडा

नोंद केली. शेवटचा प्रश्न: अठ्ठावीस दिवसांनी खालच्या पिंजऱ्यातल्या पंधरापैकी सात मेल्या, वरच्यातल्या दोन. मंग काय समजाचं?

गाळ_आणि_गणित

@कापूसकोंडा एकाच पिंजऱ्याचं असेल तर काही नाही समजायचं. तीनही खालच्या पिंजऱ्यांत सहा-आठ आणि तीनही वरच्यांत शून्य-दोन असेल तर बोलता येईल. आणि मेलेल्या कोणत्या दिवशी सापडल्या ते वहीत हवं. पहिल्या आठवड्यातच गेल्या असतील तर वाहतुकीत अर्धमेल्या झाल्या होत्या, ती खेप मोजू नका. वरच्याही दहा टक्क्यांहून बऱ्याच जास्त गेल्या तर पिंजऱ्याची जागाच चुकली. वाचलेल्यांचं ओलं वजन पहिल्या दिवसाच्या वजनाशी लावा, त्यासाठीच नंबर टाकले होते. वरच्या वाढल्या आणि खालच्या घटल्या असतील तर मेलेल्यांपेक्षा तो आकडा जास्त कामाचा.

वैनगंगाकाठ

वजन करताना कवचातलं पाणी निथळू द्या. शिंपी फट खाली करून मिनिटभर धरायची, फडक्यानं पुसायची, मग काट्यावर. काटा ०.१ ग्रॅमचा पुरे. एकानं निथळवून तोललं आणि दुसऱ्यानं न निथळवता तोललं तर पाण्याचाच फरक दोन-तीन ग्रॅमचा येतो आणि महिन्याची वाढ त्यात बुडून जाते. दोन्ही वेळा एकाच माणसानं तोलावं.